सव्हानातल्या विटांच्या दरजा आणि दोनदा परत आलेला अर्ज

"नमुना मूळ कामाशी जुळत नाही." जुन्या इमारतींच्या कामाला परवानगी देणाऱ्या इथल्या कार्यालयाकडून एवढी एकच ओळ आली. रंग जुळत नाही, वाळू जुळत नाही की दरजेची घडण, याबद्दल एक अक्षर नाही. जॉर्जियातल्या सव्हानाच्या जुन्या गावभागात विटांच्या भिंतीच्या दरजा, म्हणजे दोन विटांमधल्या फटी, नव्या मसाल्याने भरायच्या, एवढंच काम होतं. परवानगीला साडेतीन महिने लागले, आणि त्यातले बरेचसे या एका ओळीपायी गेले. इथे जुनं घर घेतलेली किंवा घेऊ पाहणारी मराठी मंडळी आता भेटू लागली आहेत. त्यांचा पाय तरी त्याच खड्ड्यात पडू नये.

नियम साधा आहे. सार्वजनिक जागेवरून दिसेल असा बाहेरचा बदल करायचा तर 'सर्टिफिकेट ऑफ अप्रोप्रिएटनेस', म्हणजे बदल जुन्या वस्तीला साजेसा असल्याचा दाखला, लागतो. किरकोळ कामं कर्मचारीच मंजूर करतात, मोठी कामं मंडळाच्या मासिक बैठकीत जातात. आमच्या दरजा पहिल्या प्रकारात बसल्या. मागच्या बाजूला कोण बघतंय, असं मात्र म्हणू नका. मागची लेन कचऱ्याच्या डब्यांची आणि गॅरेज झालेल्या जुन्या तबेल्यांची असली, तरी ती सार्वजनिकच. फॉर्म, फोटो, फी हे सगळं एका संध्याकाळचं काम. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखी आहे ती वीट. 'सव्हाना ग्रे' म्हणतात ती करडी-तपकिरी वीट एकोणिसाव्या शतकात गावाबाहेर नदीकाठच्या हर्मिटेज मळ्यावर गुलाम माणसांकडून हाताने पाडून घेतली जाई. आजच्या मशीनच्या विटेपेक्षा ती मोठी, मऊ आणि भरपूर पाणी पिणारी. १९५० च्या दशकात तिला इतकी मागणी होती की जुनी घरं पाडून विटा उपनगरांतल्या नव्या बंगल्यांना विकत. १९५४ मध्ये जुनं सिटी मार्केट पाडून तिथे गाड्या लावायची इमारत झाली. पुढच्याच वर्षी, पाडापाडीच्या तोंडावर आलेलं १८२० चं डेव्हनपोर्ट हाऊस सात बायकांनी २२,५०० डॉलर उभे करून विकत घेतलं, आणि त्यातून हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन उभं राहिलं. त्यामुळे इथली माणसं विटेच्या बाबतीत हळवी आहेत, आणि ते योग्यच आहे. कार्यालयावरचा राग वेगळा.

अशा मऊ विटेत सिमेंट भरलं की वाट लागते. भिंतीतला ओलावा दरजेतून बाहेर पडायला हवा, म्हणून दरज विटेपेक्षा मऊ आणि हवा खेळू देणारी असावी लागते. सिमेंट ती वाट बुजवतं. मग ओल विटेतून बाहेर येते, क्षार विटेच्या तोंडाशी साठतात आणि विटेचे पोपडे सुटतात. काही वर्षांनी चित्र असं दिसतं की सिमेंटची जाळी पुढे आणि वीट आत खचलेली. घर बघायला जाल तेव्हा खिशातल्या किल्लीने दरज खरवडून बघा. चुना भुरभुर पडतो, सिमेंटवर नुसती चकाकणारी रेघ उठते.

अर्ज पहिल्यांदा परत आला तो माझ्याच चुकीने. 'मसाला सध्याच्या मसाल्यासारखाच वापरू,' असं मी लिहिलं होतं. वाचायला किती शहाणपणाचं वाटतं! पण फोटोतल्या भिंतीवर 'सध्याचा' मसाला म्हणजे मागच्या कुठल्या तरी मालकाने थापलेलं सिमेंट. म्हणजे जे खरवडून काढायचं तेच पुन्हा भरण्याची परवानगी मी मागत होतो. अर्जात 'सध्याचा' हा शब्दच घालू नका. 'मूळ' लिहा, आणि ते मूळ कुठे सापडलं त्याचा फोटो जोडा. पायऱ्यांच्या कठड्यामागे, खिडकीच्या चौकटीच्या आत, जिथे पाऊस आणि हौशी गवंडी दोघेही पोचत नाहीत तिथे ते शाबूत असतं. आम्हाला तळमजल्यावर पायऱ्यांच्या खाली सापडलं.

दुसऱ्यांदा अडकलं ते नमुन्यावर. भिंतीवर साधारण तीन फूट बाय तीन फूट जागेत दरजा भरून दाखवायच्या, त्या सुकल्या की कर्मचारी येऊन बघणार. मसाल्याचं प्रमाण ठरवायला गवंड्याने नेहमीची पद्धत वापरली. जुन्या मसाल्याचा खडा फोडून पातळ केलेल्या म्युरिॲटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) ॲसिडमध्ये टाकला. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, आणि हे उघड्यावर हातमोजे घालून करायचं. फसफसून चुना विरघळतो आणि तळाशी वाळू उरते. ती धुऊन, वाळवून, तिच्या रंगाची आणि जाडीची वाळू शोधली. एक भाग चुना, अडीच भाग वाळू. नमुना भरला, चार आठवडे थांबलो, आणि ती ओळ आली.

फोन केला तर 'तज्ज्ञाला विचारा' म्हणाले. ईमेलला उत्तर म्हणून तीच ओळ पुन्हा. मग आम्ही अंदाजाने वाळू बदलली. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा महाग, कारण पुन्हा चार आठवडे गेले. चुन्याचा रंग सुकता सुकता उजळत जातो, आणि सव्हानाच्या दमट हवेत तो सुकायचं नाव घेत नाही. त्यात नमुना आम्ही लेनच्या बाजूला, उत्तरेच्या भिंतीवर केलेला. कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून! तिथे ऊनच नाही. महिन्यानेही तो ओल्या राखेसारखा काळपट होता. नमुना आडबाजूला असावा हे खरं, पण ऊन येणाऱ्या आडबाजूला.

मग एकदाचं भिंग घेतलं आणि पायऱ्यांखालचा जुना खडा, ॲसिडला न दाखवता, नुसता बघितला. राखाडी मसाल्यात तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके, आणि दोन-तीन ठिकाणी मोत्यासारखी चमक असलेले कपचे. कालवांच्या शिंपल्या. या किनाऱ्यावर चुना शिंपल्या भाजून करत, आणि नीट न भाजलेले तुकडे तसेच मसाल्यात राहत. आणि शिंपलीही चुनखडीच, तेव्हा ॲसिडने चुन्याबरोबर तीही खाल्ली. तळाशी उरली फक्त वाळू, आणि आम्ही तिच्याच मागे पळत होतो. कोकणात, गोव्यात शिंपल्या भाजून चुना करतात हे लहानपणापासून माहीत असलेल्या माणसाला हे सुचू नये, याची लाज वाटते. कार्यालयाने 'पांढरे ठिपके नाहीत' एवढे तीन शब्द लिहिले असते तर दोन महिने वाचले असते, हेही तितकंच खरं.

तिसरा नमुना पहिल्याच वाळूत, शिंपल्यांचा भरड चुरा घालून, उन्हाच्या भिंतीवर केला. फेब्रुवारीच्या मध्यात मंजुरी आली. अर्जासोबत या वेळी न फोडलेल्या खड्याचा जवळून काढलेला फोटो होता, शेजारी मापासाठी नाणं ठेवून.

प्रत्यक्ष काम त्या मानाने सरळ. दरज तिच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल मोकळी करायची, म्हणजे अर्ध्या इंचाची दरज असेल तर इंच-सव्वा इंच. हातोडी आणि बारीक छिन्नी. ग्राइंडर लवकर होतो म्हणून गवंडी मागतील, देऊ नका, एका घसरणीत विटेची कड जाते. धूळ झाडून विटा ओल्या करायच्या, पण पाणी वर साचलेलं नको. माल पाव-पाव इंचाच्या थरांनी, प्रत्येक थर अंगठ्याने दबेनासा झाला की पुढचा. मग ओलं गोणपाट लावून ठेवायचं. उन्हात झटकन सुकला तर चुना पावडर होऊन गळतो, कारण त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट व्हायला ओल आणि वेळ दोन्ही लागतात. ४० अंश फॅरनहाइटच्या खाली किंवा ९५ च्या वर काम करू नये. म्हणजे इथला जुलै-ऑगस्ट बाद.

आणि मार्चचा पहिला पंधरवडाही बाद, हे आधीच सांगायला हवं होतं. सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीला (इथे ती १८२४ पासून निघते) गावात पाय ठेवायला जागा नसते. फॉर्सिथ पार्कमधलं १८५८ चं कारंजं हिरवं होतं आणि तुमच्या पायऱ्याही माणसांनी भरतात. जुन्या गावभागात १६ औंसापर्यंतच्या प्लॅस्टिकच्या पेल्यात दारू घेऊन रस्त्याने फिरायला मुभा आहे, तेव्हा परांचीची फळी म्हणजे फुकटचं टेबल. आम्ही परांची १७ मार्चनंतरच बांधली. पदपथावर ती उभी करायला वेगळी परवानगी लागते. रस्ता झाडायच्या दिवशी गवंड्याची गाडी हलवायची आठवणही तुम्हीच ठेवायची. परांची असेपर्यंत टूरच्या ट्रॉलीतून लोक हात हलवतात. सवय होते, काही दिवसांनी आपणही हलवतो.

दरजा मुळात का गेल्या, ते परांचीवर चढल्यावर कळलं. चौकातले लाइव्ह ओक बाराही महिने हिरवे दिसतात म्हणून पानं गाळत नाहीत असं वाटतं. ते जुनी पानं वसंतात, नवी फुटताना गाळतात. लहान, कडक पानं. पन्हळीच्या तोंडाशी ती वीतभर दाबून बसली होती आणि पाणी भिंतीवरून उतरत होतं, नेमकं जिथे विटा सर्वांत जास्त सुटल्या होत्या तिथेच. आता दर एप्रिलच्या शेवटी, पानगळ संपली की, पन्हळ हाताने साफ करायची. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.