येऊरच्या रस्त्याकडेची निळी फुलं: हा केना नक्की कुठला?

ऑगस्टचा तिसरा आठवडा, पावसाला उघडीप, आभाळ भरलेलं. ठाणे स्टेशन पश्चिमेहून टीएमटीच्या बसने येऊरला सव्वासातला पोचलो. तिथून डांबरी रस्त्याची कड धरून पाड्यांच्या दिशेने चालायचं, बस्स. अंतर जेमतेम दीड किलोमीटर. गुडघ्यावर बसत, भिंग लावत जायला चार तास लागले. उपवनला चहा-वडापावसाठी रेंगाळू नका. केन्याचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या विरघळून त्यांचा चिकट गोळा होतो. लख्ख ऊन असेल तर अकरालाच दुकान बंद.

या रस्त्याला सगळ्यात जास्त फसगत होते ती केन्याच्या कुळात. तीन पाकळ्यांचं, निळं-जांभळं, नखाएवढं फूल दिसलं की लोक ‘केना’ म्हणून मोकळे होतात. रंगावर अजिबात जाऊ नका. मोबाईलचा कॅमेरा निळ्याचा सर्रास जांभळा करतो आणि ढगाळ उजेडात तर हमखास.

आधी प्रजाती, म्हणजे जीनस ठरवा: केना, मर्डानिया की सायनोटिस. केन्याच्या (कॉमेलिना) दोन पाकळ्या मोठ्या, देठावर उभारलेल्या. तिसरी बारीक, फिकट, खाली दडलेली. फूल हिरव्या, होडीसारख्या छदातून (फुलाखालच्या पानासारख्या भागातून) बाहेर येतं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या तिसऱ्या पाकळीवरून थट्टा केली होती: ज्यांच्यावरून कॉमेलिना हे नाव पडलं त्या कॉमेलिन घराण्यातले दोघे वनस्पतिशास्त्रात नावारूपाला आले, तिसरा काही करून दाखवण्याआधीच गेला. मर्डानियाला अशी होडी नसते आणि तिन्ही पाकळ्या जवळपास सारख्या असतात. सायनोटिसच्या पाकळ्या मध्यावर जुळून नळी होते आणि सहाच्या सहा पुंकेसर कामाचे, त्यांच्या तंतूंवर निळ्या केसांचा झुपका. केन्याचे तंतू तुळतुळीत. सहापैकी तीनच पुंकेसर कामाचे, बाकीच्या तिघांची पिवळी फुली म्हणजे वांझ पुंकेसर. मर्डानियाचे तंतू मात्र केसाळ असू शकतात, म्हणून केस दिसले की लगेच सायनोटिस म्हणू नका, नळी शोधा.

आता केन्यातला केना. फूल विसरा, होडी पाहा. तिची मागची कड, म्हणजे देठाकडची, बोटाने हलकेच चाचपा. कडा जुळून नरसाळं झालं असेल तर भाजीचा केना, कॉमेलिना बेंघालेन्सिस. खात्रीसाठी पान: अंडाकृती, आखूड देठाचं, आणि खोडाला वेढणाऱ्या आवरणाच्या तोंडाशी तांबूस केस. होडी दुमडलेल्या कागदासारखी तळापर्यंत सुटी, बुडाशी हृदयाकार, टोक लांब आणि पान भाल्यासारखं बिनदेठाचं असेल तर डिफ्युजा. तो ओल्या गटाराच्या कडेने पसरतो आणि पेरापेराला मुळं सोडतो.

घोळ होतो तो तिसऱ्याशी. फोर्सकालीची होडीही जुळलेली असते, त्यामुळे फक्त नरसाळं पाहून निकाल दिला की चुकतो. त्याचं पान अरुंद, बिनदेठाचं, कडेला लाटालाटांचं. उघड्या मुरमाड जागी जुळलेली होडी दिसली तर पान पाहिल्याशिवाय नाव लिहू नका. कडा जुळली आहे की नुसती चिकटली आहे, हेही तपासा: पावसाळ्यात होडीत बुळबुळीत पाणी साठतं आणि सुट्या कडाही एकमेकींना चिकटून बसतात. इथेच बहुतेकांचा डिफ्युजा चुकून बेंघालेन्सिस होतो.

मर्डानियात न्यूडिफ्लोरा आणि स्पायराटा अशी जोडी लक्षात ठेवा. न्यूडिफ्लोराला सहसा दोनच कामाचे पुंकेसर, स्पायराटाला तीन. दहापट भिंग डोळ्याला टेकवा आणि फुलाकडे तोंड न्या. हात लांब धरून पाहिलं तर काही मोजता येत नाही. वाऱ्याने फूल हलत असेल तर मागे पांढरं कार्ड धरा. पुंकेसर गळाले असतील तर आपोआप फुटलेलं बोंड शोधा. कप्प्यात दोन बिया म्हणजे न्यूडिफ्लोरा. एका ओळीत तीन किंवा जास्त म्हणजे स्पायराटा.

सायनोटिस त्या मानाने सोपी. विळ्यासारखी छदं दोन ओळींत एकमेकींवर चढलेली असली तर क्रिस्टाटा. अंगभर लोकर असेल तर फॅसिक्युलाटा. पानाच्या फुगीर आवरणातून फूल नुसतं डोकावत असेल तर ॲक्झिलॅरिस; ती भातखाचरं आणि साचलेल्या पाण्याजवळ शोधा. आभाळी, नभाळी, निलवंती ही नावं प्रत्येक गावात वेगळ्या रोपाला चिकटवलेली असतात, तेव्हा टिपणात शास्त्रीय नाव लिहिलेलं बरं.

खडकाच्या ओल्या पायथ्याशी लिंडर्निया, म्हणजे केन्याच्या कुळाबाहेरची बारीक फुलांची रोपंही आहेत. पानाची कड काट्यासारख्या दातांची असेल तर सिलियाटा. तिला कामाचे पुंकेसर दोन आणि बोंड लांब, सुईसारखं. क्रुस्टेशियाला चार, पुष्पकोश (फुलाबाहेरचा हिरवा पेला) अर्ध्याहून कमी फाटलेला आणि बोंड त्यातच बसलेलं. नव्या वर्गीकरणात या दोघी बोनाया आणि टोरेनियात गेल्या आहेत, म्हणून जुन्या आणि नव्या याद्या जुळत नाहीत.

प्रत्येक रोपाचे पाच फोटो: फूल समोरून, होडी बाजूने, होडीची मागची कड, आवरणाचं तोंड, बोंड. शेजारी पट्टी ठेवा. फक्त फुलाचा फोटो ॲपला दाखवलात तर ॲपही अंदाजच करणार.

हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार इथून काहीही तोडून नेता येत नाही, आणि रस्ता सोडून आत जायला वनखात्याची परवानगी लागते. होडी चिरून पाहायची हौस सोसायटीच्या कुंडीतल्या केन्यावर भागवा. तो तिथे नक्की असतो. उपटताना माती खोल खणा, कारण त्याला जमिनीखालीही न उमलणारी फुलं येऊन बिया धरतात.

बेसॉल्टवरचं शेवाळ निसरडं आहे, गमबूटपेक्षा खाचदार तळाचे बूट बरे. बिबट्याचा वावर आहे, संध्याकाळी कडेच्या झुडपात वाकून बसू नका. मर्डानियाची बोंडं मोजायची असतील तर सप्टेंबरच्या मध्यावर याच रस्त्याने पुन्हा एक फेरी मारा. तेव्हा फुलं कमी, पण फुटलेली बोंडं भरपूर मिळतील.