खरेदीखतात दोघांची नावं आहेत, हिस्सा लिहिलाय का?

पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत नाशिकमध्ये कुठेही नवा फ्लॅट बुक केला की बिल्डरच्या ऑफिसातून कराराचा मसुदा तयारच येतो. त्यात नवरा-बायकोची नावं एकाखाली एक असतात, पण कोणाचा हिस्सा किती याबद्दल अवाक्षर नसतं. सही करण्याआधी तेवढं लिहून घ्या.

हिस्सा लिहिलेला नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ४५ नुसार पैसे कोणी किती घातले ते बघितलं जातं आणि पुरावा नसला तर हिस्से समान धरले जातात. ६० लाखांच्या फ्लॅटमध्ये बायकोने माहेरचा प्लॉट विकून ३६ लाख घातले आणि पुढे वाद झाला तेव्हा बँकेचा उतारा सापडला नाही, तर तिचे ६० टक्के ५० वर येतात. म्हणून मसुद्यात हे वाक्य घाला: ‘सदर सदनिकेत खरेदीदार क्र. १ यांचा ४० टक्के व खरेदीदार क्र. २ यांचा ६० टक्के अविभक्त हिस्सा राहील.’ पैसेही ज्याच्या त्याच्या खात्यातून चेकने किंवा आरटीजीएसनेच जाऊ द्या. आधारवर माहेरचं आणि पॅनवर सासरचं नाव असेल तर नोंदणीआधीच एकसारखं करून घ्या. नंतर चूक दुरुस्ती पत्रासाठी पुन्हा दुय्यम निबंधकांकडे जावं लागतं.

फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, ५० लाखांवर ५० हजार. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. मात्र एवढ्यासाठी कर्ज फेडणाऱ्याचं नाव वगळू नका. व्याजावरची २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या कररचनेत दोघांना वेगवेगळी मिळते, पण त्यासाठी माणूस मालकही हवा, कर्जदारही हवा आणि हप्ताही त्याने भरलेला हवा. नुसतं सहकर्जदार होणं सगळ्यात वाईट: कर्जाची जबाबदारी पूर्ण, घरात हिस्सा शून्य.

खरी अडचण एकजण गेल्यावर येते. एफडीवर जसं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती’ असतं, तसं घराचं आपोआप होत नाही. समजा दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा आहे आणि नवरा मृत्युपत्र न करता गेला. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्याचे ५० टक्के बायको, दोन मुलं आणि त्याची आई या चौघांत सारखे वाटले जातात, प्रत्येकी साडेबारा. बायकोकडे साडेबासष्ट टक्केच येतात. मुलं १८ च्या आतली असतील तर त्यांचे २५ टक्के विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. पुढे सासूबाईही मृत्युपत्राविना गेल्या तर त्यांच्या साडेबाराला नणंद-दीरही वारस होतात. कोणाच्याही मनात वाईट नसताना घर अडकून पडतं, तेही हप्ते चालू असताना.

म्हणून खरेदीखताच्या पाठोपाठ दोघांनीही आपापल्या हिश्शाचं मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं. ज्यांना काही मिळणार नाही असेच साक्षीदार घ्या, डॉक्टर असल्यास उत्तम. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणून हे टाळू नका. नॉमिनी वारसांच्या वतीने घर सांभाळतो, मालक होत नाही.

आणि घर आधीच एकाच्या नावावर झालं असेल तर? राहत्या घराचा हिस्सा नवरा-बायकोत बक्षीसपत्राने देता येतो. महाराष्ट्रात त्यावर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक उपकर किती लागेल ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारा. कर्ज चालू असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय नोंदणीची वेळ घेऊ नका. नोंदणी झाली की सूची क्रमांक दोनची (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा गोषवारा) प्रत घेऊन सोसायटीच्या भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेट) आणि महापालिकेच्या घरपट्टीवर दुसरं नाव चढवून घ्या.