सांबुरू : जिराफापाशी गाडी थांबवा

केनियाला जाणारी आपली बहुतेक मंडळी मसाई मारा आणि नकुरू करून परततात. माझं ऐकाल तर उत्तरेचं सांबुरू अभयारण्यही धरा, तेही जिराफांसाठी. नैरोबीहून नान्युकी, इसिओलोमार्गे सांबुरूच्या वेशीवरच्या आर्चर्स पोस्ट गावाला पोहोचायला साधारण सहा तास लागतात. वाटेत नान्युकीजवळ विषुववृत्तावर भांड्यातलं पाणी उलटसुलट फिरवून दाखवणारे भेटतात. पैसे द्यायचे तर करमणुकीचे म्हणून द्या, विज्ञान त्यात काही नाही.

सांबुरूतला जिराफ जाळीदार. तांबूस तपकिरी रंगाचे मोठे बहुकोनी चट्टे आणि मधे पांढऱ्या, रेखीव फटी. मारातल्या मसाई जिराफाच्या चट्ट्यांच्या कडा फाटक्या पानासारख्या कातरलेल्या असतात, तर नकुरूच्या जिराफाचे पाय गुडघ्याखाली कोरे पांढरे. वर्षानुवर्षं हे सगळे एकाच प्रजातीत मोडत. २०२५ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने जिराफाच्या चार प्रजाती मान्य केल्या, जाळीदार जिराफ त्यांतली एक.

इथे सकाळी गाड्यांची पळापळ असते ती बिबट्यामागे. जिराफ दिसला की दोन फोटो, आणि चला पुढे! आम्ही ड्रायव्हरला एवासो न्यिरो नदीच्या काठी इंजिन बंद करायला लावलं आणि तासभर हललो नाही. समोर एक मादी बाभळीच्या जातीच्या काटेरी झाडाला भिडली होती. जांभळट काळी, हातभर लांब जीभ बाहेर यायची, बोटभर काट्यांच्या मधून फांदीला वेढा घालायची आणि पाला ओरबाडून आत जायची. थोड्या वेळाने ती नुसतीच उभी राहून रवंथ करू लागली. दुर्बिणीतून पाहिलं तर पोटातला घास गोळा होऊन त्या लांबलचक मानेतून सरसर वर चढताना चक्क दिसत होता.

पाणी पिताना मात्र जिराफाची फजिती. पुढचे पाय फाकवायचे, मान खाली न्यायची, दचकून पुन्हा वर. सिंहाला हीच संधी हवी असते. एरवी डोक्यापर्यंत रक्त चढवायला त्याचा रक्तदाब माणसाच्या जवळपास दुप्पट असतो. मान एकदम खाली गेली तरी मेंदूला धक्का बसत नाही, कारण मानेच्या शिरांत झडपा असतात आणि मेंदूच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. पाल्यातून पाणी मिळत असल्याने ही कसरत त्याला रोज करावी लागत नाही, म्हणून नदीकाठी दिसलीच तर सोडू नका.

नर-मादी ओळखायला शिंगांचे शेंडे पाहा. मादीच्या शेंड्यांवर केसांचा झुपका, तर नराचे शेंडे बहुधा मारामाऱ्यांत घासून टकले झालेले. दोन नर खांद्याला खांदा लावून उभे दिसले तर कॅमेरा सज्ज ठेवा, माना फिरवून एकमेकांना हाणायला कधी सुरुवात होईल सांगता येत नाही. पिल्लांचा घोळका एखाद्या मादीच्या भरवशावर ठेवून बाकीच्या आया चरायला लांब जातात, त्यामुळे एकटं पिल्लू दिसलं म्हणून हळहळू नका.

आता कामाचं. सामायिक गाडी घेतली तर तासभर थांबणं विसरा. शक्य असेल तर स्वतंत्र गाडीच करा आणि बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. कोरडे महिने बरे, म्हणजे जून ते ऑक्टोबर किंवा जानेवारी-फेब्रुवारी. एप्रिलच्या सुमाराला पावसाने वाटा बिघडतात. धूळ भरपूर, लेन्स बदलायच्या भानगडीत पडू नका. शाकाहारी असाल तर कॅम्पला आधी कळवा, तरी थेपले-चिवडा जवळ असू द्या. मात्र प्लास्टिकच्या पिशव्यांना केनियात बंदी आहे, तेव्हा डब्यातून न्या.

व्हिसाऐवजी आता ईटीए हा ऑनलाइन प्रवास परवाना काढावा लागतो. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्या. ती ठरावीक केंद्रांतच मिळते, आणि तिचा दाखला भारतात परतताना मागतात, नसेल तर विलगीकरणात बसवतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. लष्करी छापाचे कपडे घरीच ठेवा, तिथे ते चालत नाहीत.