कन्नड घाटात तापणारी मारुती ८००: चोर झाकणात निघाला

सापडलं एकदाचं! माझी ८०० घाट चढताना तापते, त्याचं कारण. इंजिनचं हेड (वरचा भाग) उचलायचा बेत रद्द.

आधी भुसावळच्या रेडिएटरवाल्या चाचांकडून रेडिएटर रॉडिंग (नळ्यांत सळ्या घालून सफाई) करून आणला होता. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर ताटभर निघाला. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) पातेल्यात उकळून तपासला, ८२ अंशांना बरोबर उघडतो. रेडिएटरचं प्रेशर धरणारं झाकणही नवं टाकलं. तरी चाळीसगाव सोडून घाट चढायला लागलं की काटा वर. जळगावच्या उन्हात ट्रॅफिकमध्ये उभी असली तर मात्र काही नाही, म्हणजे फॅन आणि फॅन स्विच ठणठणीत. उभ्या गाडीत तापत नाही, लोडवर तापते. गोम पाण्याच्या फिरण्यात किंवा प्रेशरमध्ये. हेड गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलचा) संशय होताच.

परवा इंजिन गरम करून रेस दिली. बॉनेटजवळ पुतण्या उभा होता, तो ओरडला, "काका, हाई देख, पाइप चपटा व्हई ऱ्हायना!" रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) आत ओढला जात होता. पंपाची ओढ त्याच बाजूला असते, तो चपटा झाला की इंजिनला पाणीच कमी. जाड कापडी प्लायचा होज आणून टाकला. फरक पडला, पण जास्त रेसला थोडा दबतोच.

मग वरचा होज दाबून पाहिला. इंजिन पूर्ण तापलेलं आणि होज मऊ! प्रेशर धरलेलं असतं तर तो टणक लागायला हवा. इथे डोक्यात प्रकाश पडला. गाडी थंड झाल्यावर चाचांच्या हातपंपाने रेडिएटरच्या तोंडातून ०.९ बार प्रेशर भरलं. पंपाचा काटा हलला नाही. गळती नाही, गॅस्केटवरचा संशयही बराचसा फिटला. उरलं झाकण. टेस्टरवर लावलं तर ०.४ लाच सुटलं! वर छापलंय ०.९. डबीतून काढलेलं नवंकोरं झाकण. लोकल दुकानातल्या या मालावर माझा अजिबात भरवसा राहिला नाही. झाकणातली स्प्रिंग ढिली आहे, हे बोटाने दाबली तरी कळतं. ०.९ बारला साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं, हे झाकण त्याच्या कितीतरी आधी वाफ सोडणार.

आता जेन्युइन झाकण आहे. कालच घाट दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून चढलो. काटा मध्यावर, एक रेघही वर नाही. वरती थांबून काटा बघत बसण्यात जे सुख आहे ते तुम्हालाच कळेल.

कूलंट तूर्त ३० टक्के, बाकी डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडे गोठायची भीती नाही, आणि पाणी जास्त असलं तर उष्णता चांगली ओढली जाते. ब्लॉक सायट्रिक ॲसिडने धुणार होतो, पण लिहिता लिहिता वाटतंय की आधी रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाकीचं तापमान मोजावं. फरक बरा आला तर ब्लॉकला हात लावणार नाही. इन्फ्रारेड गनने मोजताना पितळेवर काळी टेप लावा, चकचकीत धातूवर आकडा कमी येतो.

खालचा होज दबू नये म्हणून आत घालायची स्टीलची स्प्रिंग ८०० साठी कोणी वापरली असेल तर व्यास कळवा. धुळ्यात मिळते का, तेही.