तुम्ही विचारलंत म्हणून : बावडा कुठला?

सकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरताना कुणी ना कुणी गाठतंच. "काय ओ काका, तुमच्या पेपरात हल्ली एवढ्या चुका कशा काय?" मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी पेपर अजून माझाच! एरवी हसून पुढं जातो. आज तुम्ही थांबवून विचारलंत, म्हणून सांगतो.

आमच्या डेस्कवर एक मुद्रितशोधक होते. जुनी अकरावी शिकलेले, कामाला जरा संथच. सासुरवाडी आंबेवाडीची. पुराच्या एका रात्री पहिल्या पानावर पंचगंगेच्या पातळीचा ४३ हा आकडा टाइप होताना ३४ झाला. राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ते पान घेऊन हे मुद्रितशोधक जवळजवळ पळतच आले. "अहो, ३४ वाचून आंबेवाडीत एक माणूस म्हशी हलवायचा नाही!"

पुढं खर्च कमी करायचं ठरलं, तेव्हा पहिला नंबर त्यांचाच लागला. संगणकात शुद्धलेखनाची सोय आलीय, मग हे कशाला? संगणक ऱ्हस्व-दीर्घ बघतो, कबूल. पण 'बावड्यात मुसळधार' या ओळीत त्याला काय खटकणार? कसबा बावडा शहरात, गगनबावडा पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर घाटमाथ्याला. शिरोळ आणि शिरोलीचं तेच, दोन वेगळी गावं. पुरात महामार्गावर पाणी येतं ते पुलाच्या शिरोलीजवळ. तिथं शिरोळ छापलं, तर पुण्याहून निघालेला माणूस बिनघोर गाडी काढणार. दोन्ही शब्द शुद्धच आहेत की!

चुका निदान तुम्हाला दिसतात तरी. न आलेली बातमी कुणाला दिसते? तालुक्याच्या वार्ताहराचं मानधन इतकं तुटपुंजं, की त्याची खरी भिस्त जाहिरातीच्या कमिशनवर. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी त्यानंच मिळवायची आणि त्याच नेत्याच्या गावच्या खड्ड्यांची बातमीही त्यानंच द्यायची. देईल का? कारखान्याकडून 'विक्रमी गाळप' म्हणून प्रेसनोट येते, फोटो आणि मथळ्यासकट. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी, असा नियम आहे. ती मिळाली का, हे विचारायला कुणालातरी गाडीत पेट्रोल घालून चार गावं फिरावी लागतात. पेट्रोलचे पैसे बंद झाले, की प्रेसनोट जशीच्या तशी लागते. त्यात खोटं काही नसतं, फक्त उसवाल्याचं म्हणणं नसतं.

मालकांना सरसकट शिव्या मी देणार नाही. अंकाच्या किमतीत त्याची छपाईसुद्धा निघत नाही, तूट जाहिरातींनी भरायची, आणि जाहिराती गेल्या मोबाईलवर. पेपर रुपयानं महागला की बंद करणारे आपणच. (मिसळ महागली म्हणून कुणी सोडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.)

आणि हे काय पेपरापुरतंच आहे? माझी पेन्शन येते त्या शाखेत तीन खिडक्या होत्या, आता एकच. खिडकीवरच्या बाई चांगल्या आहेत. पण मागं पंचवीस माणसं उभी असताना, "आजोबा, एवढी रक्कम कुणाला पाठवताय?" असं विचारायला त्यांना सवड कुठली? माझ्या मित्रानं तिथूनच, फोनवरच्या कुणा 'साहेबा'च्या सांगण्यावरून, पैसे भरले. फॉर्म बरोबर होता, सही जुळली. पैसे गेले ते गेलेच.

गेल्या पावसाळ्यात खरोखरच नुसतं 'बावडा' छापून आलं. राहवलं नाही, जुन्या डेस्कवर फोन लावला. पोरगा हुशार, माझ्याच हाताखाली तयार झालेला. म्हणाला, "सर, मलाबी शंका आली होती ओ. पण रात्री सहा पानं एकटाच लावत होतो. कुठला बावडा, हे विचारायला शेजारी कोणच नव्हतं."