नवी वसाहत आखताना: घरं शेवटी, रस्ते आधी

शहराच्या कडेला वसाहत आखायचं काम आलं की सगळ्यांना घरांचा नकाशा आधी हवा असतो. आम्ही तो शेवटी काढतो. घरं लोक बांधतातच: आधी एक खोली, मग मोरी, पैसे जमले की स्लॅब. रस्त्याची जागा मात्र एकदा घरांखाली गेली की पाडापाडी आणि कोर्टकचेरीशिवाय सुटत नाही.

जागा निवडताना जमिनीच्या दराआधी कामधंद्याचं अंतर बघतो. मेक्सिकोत 2000 नंतर स्वस्त जमीन गाठून शहरापासून लांब लाखो घरं उठली. रोजचं जाणं-येणं परवडेना, म्हणून त्यातली कितीतरी ओस पडली.

मग कंटूर सर्व्हे, म्हणजे जमिनीच्या चढउताराची मोजणी. नाल्याची पट्टी सोडून द्यायची, तिथे तडजोड नाही. मुख्य रस्ते साधारण किलोमीटरभर अंतरावर, 20 ते 30 मीटर रुंद. डांबर नंतर पडलं तरी चालतं. जमिनीचा ताबा आणि हद्दीचे पक्के दगड आधी हवेत. दगड हलला की कुंपण पुढे सरकलंच.

प्लॉट 60 चौरस मीटरचा असेल तर 7.5 × 8 पेक्षा 5 × 12 बरा. दर्शनी बाजू अरुंद, म्हणून दर घरामागे रस्ता आणि पाइप एक तृतीयांशाने वाचतो. फार अरुंद केला तर मधली खोली अंधारी होते.

खरी कसोटी ड्रेनेजची. 150 मिलिमीटरचा पाइप 1:150 उताराने (150 मीटरला 1 मीटर) टाकला तर सपाट जमिनीवर 300 मीटरमध्ये तो सुरुवातीपेक्षा 2 मीटर खोल जातो. खोदाईला पाणी लागलं की ठेकेदाराकडून उतार गुपचूप कमी होतो, मग गाळ बसतो आणि चेंबर तुंबतं. म्हणून माती लोटण्याआधी प्रत्येक चेंबरच्या तळाची पातळी लेव्हल लावून तपासायची, बिल त्यानंतर.

गच्चीवर वर सोडलेल्या सळया म्हणजे उद्याची लोकसंख्या. हिशेब आम्ही तीन मजल्यांचा धरतो. गल्लीतला पाइप सहसा निभावून नेतो. कमी पडतात मुख्य वाहिनी आणि पाण्याची टाकी.

पेरूची राजधानी लिमाजवळच्या विया एल साल्वादोर या वसाहतीत 1971 साली वाळूत आधी आखणी झाली: 24 प्लॉटचा एक ठोकळा, असे 16 ठोकळे, मधोमध मोकळी जागा. चटयांच्या झोपड्या जाऊन पक्की घरं आली तरी गल्ल्या सरळच राहिल्या, त्यामुळे पाइप टाकायला घरं पाडावी लागली नाहीत. मधली मोकळी जागा टिकवायची तर तिथे पहिल्याच वर्षी शाळेची निदान एक खोली उभी करावी. नुसता ‘राखीव’ असा फलक कुणी जुमानत नाही.