सुतळी घेऊन कान्हेरीला: झुडपं मोजायची ट्रिप

मागच्या नोव्हेंबरात एका रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलो, मी, माझा मित्र आणि त्याचे काका, जे कॉलेजात बॉटनी शिकवून रिटायर झालेत. लोक कान्हेरीला लेणी बघायला जातात, आम्ही वीस मीटर सुतळी घेऊन गेलो, दर पाच मीटरवर गाठ मारलेली, म्हणजे पसरली की पाच बाय पाचचा चौकोन तयार. त्यात किती झुडपं आहेत ते मोजायचं, वहीत लिहायचं, पुढे चालायचं. एवढंच काम, पण कंबर मोडते.

पहिले तीन चौकोन वाटेला लागूनच टाकले आणि सगळीकडे घाणेरी, मधे थोडी करवंदं. मी म्हटलं काका, जंगल तर घाणेरीनेच भरलंय. ते म्हणाले, "अरे, तू जंगल नाही मोजत, रस्त्याची कड मोजतोयस." मग पटलं. घाणेरीला ऊन लागतं आणि माणसाने झाडं तोडून, माती उकरून मोकळी केलेली जागा तिला लगेच सापडते, शिवाय बुलबुल फळं खातात आणि जिथे बसतात तिथे बी टाकतात. ही आपली नाहीच, अमेरिकेतून बागेसाठी आणलेली.

गाइडदादांना घेऊन, परवानगी असलेल्या वाटेवरूनच, जरा आत गेल्यावर चित्र पालटलं. ओढ्याच्या सावलीत दिंडा, उतारावर कारवी, वर सपाट कातळावर माती नावालाच, तिथे गवत आणि मधेच निवडुंग. दहा चौकोनांत कारवी मोजली तर पाचात शून्य आणि एकात 44! सरासरी आली 11, पण तशी 11 झाडं एकाही चौकोनात नव्हती, त्यामुळे सरासरी सांगून उपयोग काय. काकांनी आकड्यांचा व्हेरिअन्स, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप, काढून सरासरीने भागला. एकच्या आसपास आला तर झुडपं कुठेही कशीही उगवलीत, खूप कमी आला तर एकमेकांपासून अंतर राखून, खूप जास्त आला तर झुंडीने. आमचा आला जवळपास 25.

कारण कारवीच्या स्वभावातच आहे. सात-आठ वर्षांनी सगळी एकदम फुलते, बी धरते आणि मरते, सुकलेली बोंडं भिजली की तडकतात आणि बी जवळच पडतं, म्हणून पुढची पिढी तिथेच, एका वयाची, एका उंचीची. भिंतच वाटते अक्षरशः, आणि कोकणात तिच्याच काठ्यांच्या कुडाच्या भिंती असायच्या ना.

आता जाणाऱ्यांसाठी. सोमवारी पार्क बंद असतो. बोरिवली ईस्टवरून चालत गेट येतं, पण कान्हेरी तिथून सहा-सात किलोमीटर आत, बस पकडा, पाय वरच्या उतारासाठी ठेवा. पावसात जाऊ नका, कातळ निसरडा असतो आणि वही भिजते. फुल पँट घालाच, करवंदाचे काटे वाईट, माझी पोटरी साक्षीला आहे. खुंट्या ठोकू नका, फांद्या तोडू नका, सुतळी परत आणा. बिबट्यांचं जंगल आहे, एकटे वाट सोडून जाऊ नका. चौकोन कुठे टाकायचा ते आधी घरी नकाशावर ठरवा, नाहीतर हात आपोआप सोप्या जागी जातो, आमचे पहिले तीन त्यामुळेच वाया गेले. आणि डबा बॅगेच्या तळाशी ठेवा, लेण्यांपाशी माकडाने काकांच्या थालीपिठाची पिशवी पळवली, वही वाचली हे नशीब.